टोमॅटोच्या खोलीतले पंच्याहत्तर वॅट

टोमॅटोची बी साधारण तीन मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद असते. नुसत्या डोळ्यांना ती गुळगुळीत वाटते, पण दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली की तिच्या अंगभर करडी लव दिसते, लोकरीचं काहीतरी अंगात घातल्यासारखी. ऑगस्टच्या चोवीस तारखेला संध्याकाळी मी अशा छत्तीस बिया मोजून ओल्या टिश्यूपेपरवर मांडल्या. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं. मी स्वतः लोकरीचे मोजे, बंद गळ्याचा स्वेटर आणि कानटोपी घालून आमच्या बेडरूममध्ये बसले होते.

बेडरूमचा एसी अठरावर होता. आम्ही बहरीनला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि एकोणीस वर्षं तो अठरावरच आहे. मधल्या काळात दोन घरं बदलली, तीन एसी बदलले. आकडा बदलला नाही.

माझा नवरा राजन मीना सलमान बंदरातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये इंजिनीअर आहे. दिवसभर तो उणे अठरा अंशांत गोठवलेल्या कोंबड्या आणि कोळंबी सांभाळतो. घरी आल्यावर आकडा तोच ठेवायचा, फक्त चिन्ह बदलायचं, असं त्याचं धोरण आहे. "थंडी वाजली तर माणूस कपडे घालू शकतो," तो म्हणतो, "उकाड्यात काढून काढून किती काढणार?" या वाक्याला उत्तर नाही. मी ते बरीच वर्षं शोधते आहे.

पहिल्याच वर्षी मी बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारात गरम बनियन आणि पायजमे घ्यायला गेले होते. जुलै महिना होता. दुकानदारानं शिडी लावून सगळ्यात वरच्या फळीवरून ते काढले, धूळ झटकली आणि फार आदरानं विचारलं, मॅडम कुठं निघालात, लंडनला का? मी म्हटलं, गुदैबियाला, घरी. गुदैबिया तिथून गाडीनं दहा मिनिटांवर आहे.

मला एकच गोष्ट हवी होती. मला कोमट खोलीत झोपायचं होतं. सत्तावीस अंश, अंगावर एक पातळ चादर, कान उघडे. मागणी फार मोठी नव्हती, आणि तिची सोयही घरात होती. आमची मुलगी स्पृहा दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडला शिकायला गेली. तिची खोली रिकामी होती, तिच्या पलंगावरची गादी चांगली होती, आणि त्या खोलीला स्वतंत्र एसी होता. ती गेली त्याच आठवड्यात मी तिकडं झोपायला जायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं होतं. सांगितलं नव्हतं.

न सांगण्याची कारणं दोन. आमच्या मराठी मंडळातल्या एका बाईंना पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी कडक गादीवर झोपायला सांगितलं. ती गादी त्यांनी दुसऱ्या खोलीत टाकली. गणपती येईपर्यंत त्यांचा घटस्फोट झाला होता, निदान मंडळात तरी. त्या बाई आणि त्यांचे यजमान आरतीला शेजारी शेजारी उभे होते आणि लोक त्यांच्याकडं बघून हळहळत होते. दुसरं कारण राजन. आमच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला त्यानं चाळीस माणसांसमोर सांगितलं की आमच्या संसाराचं रहस्य म्हणजे एक खोली आणि एक पांघरूण. माझ्याकडं तेव्हा तीन पांघरुणं होती, पण लोक टाळ्या वाजवत होते.

बियांचं पाकीट स्पृहानं सुट्टीत आली असताना इथल्याच सुपरमार्केटमधून आणलं होतं. कुठल्याशा थंड देशातून आलेल्या त्या पाकिटावर बर्फाच्या कणाचं चित्र होतं आणि लिहिलं होतं की ही जात खास थंड हवामानासाठी आहे, शेवटच्या हिमतुषाराच्या, म्हणजे गोठणाऱ्या दवाच्या, सहा ते आठ आठवडे आधी घरात पेरावी. स्पृहाच्या मते हे वर्णन आमच्या बेडरूमला तंतोतंत लागू पडत होतं. ती विमानात बसून निघून गेली. पाकीट राहिलं.

बहरीनमध्ये हिमतुषार नाही. पण त्याचा उलटा प्रकार आहे. ऑक्टोबरच्या मध्याला एक दिवस असा येतो की बाहेर ठेवलेलं झाड संध्याकाळपर्यंत भाजून निघत नाही. त्या दिवसापासून आठ आठवडे मागं मोजले की ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा येतो. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळं एकाच जागी सगळ्या बिया लावण्याची चूक मी केली नाही. बारा बिया बेडरूममध्ये ठेवल्या, बारा स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि बारा स्पृहाच्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. तिथला एसी मी सत्तावीसवर लावला. राजननं भुवया उंचावल्या तेव्हा मी म्हटलं, बियांसाठी. हे खरं होतं.

दहाव्या दिवशीचा निकाल असा: स्वयंपाकघरात दिवसा छत्तीसपर्यंत पारा जायचा, तिथं बुरशी आली. बेडरूममध्ये बारापैकी एक बी उगवली, आणि ती एक पान वर काढून थांबली, विचार बदलल्यासारखी. स्पृहाच्या खोलीत बारापैकी अकरा.

मी तो निकाल राजनला दाखवला. अठरा अंशांत सजीवांचं काय होतं हे त्यातून आपोआप त्याच्या लक्षात येईल अशी माझी अपेक्षा होती. त्यानं तिन्ही ट्रे नीट पाहिले, मान डोलावली आणि म्हणाला, बेडरूमच्या बिया कमकुवत निघाल्या.

पण त्या अकरा रोपांनी त्याला पकडलं. ज्या वस्तूला ठरावीक तापमान लागतं ती वस्तू राजनला परकी वाटूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावरून एक डेटा लॉगर घेऊन आला. आगपेटीएवढं हे यंत्र कोळंबीच्या कंटेनरमध्ये ठेवतात, आणि ते दर पाच मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवतं. राजननं ते रोपांच्या मधोमध उभं केलं. मग पांढरी एलईडी नळी टांगली. मग दारावर कागद चिकटवला: दार उघडं ठेवू नये, विनाकारण आत थांबू नये. खालच्या मजल्यावरच्या शरीफुन्निसा भाभींनी बुदैयाच्या एका शेतावरून शेणखत मिसळलेली माती आणून दिली, तीसुद्धा त्यानं आत नेण्याआधी दोन तास हॉलमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला आणली.

विनाकारण मी आत थांबत नव्हते. कारण होतं. शुक्रवारी आणि शनिवारी, सुट्टीच्या दुपारी, राजन जेवून दोन वाजता झोपतो आणि पाचला उठतो. मधल्या तीन तासांत त्याच्या उशाशी फटाके फोडले तरी तो कूस बदलण्यापलीकडं काही करत नाही. पहिल्या शुक्रवारी मी खरंच रोपांना पाणी घालायला गेले. पलंगावर टेकले. कानटोपी काढली. जाग आली तेव्हा पावणेपाच झाले होते आणि माझे पाय गरम होते. पाय गरम असण्याची भावना मी विसरले होते. मी उठले, चादर सारखी केली, बेडरूममध्ये जाऊन मोजे, स्वेटर, कानटोपी असा सगळा सरंजाम परत चढवला आणि राजनशेजारी आडवी झाले. पाच वाजता तो उठला आणि म्हणाला, मस्त झोप लागली ना?

तेव्हापासून शुक्रवार-शनिवार माझा हाच कार्यक्रम ठरला. स्पृहाला मी फोनवर सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर देते इंग्रजीत. ती म्हणाली, "आई, यू आर नॉट ग्रोइंग टोमॅटोज. यू आर ग्रोइंग अ बेडरूम. जस्ट टेल हिम." मी म्हटलं, रोपं बाहेर लावायची वेळ आली की सांगेन.

लॉगरचा विचार मी केला नव्हता. शास्त्र शिकलेल्या बाईनं करायला हवा होता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राजननं तो लॅपटॉपला जोडला आणि आलेख उघडला. रविवार ते गुरुवार रेषा सपाट. शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती चार दशांश अंशानं वर जात होती, आर्द्रता पाच टक्क्यांनी वाढत होती, आणि पावणेपाचला दोन्ही खाली येत होत्या. शनिवारी पुन्हा तेच. गेल्या आठवड्यातही तेच. राजन पुढं वाकला. असा चेहरा त्याचा मी फक्त गोदामाचं दार नीट लागत नसेल तेव्हाच पाहिला आहे.

"मेधा," तो म्हणाला, "या खोलीत उष्णता शिरते आहे."

मी चहा करायला गेले.

त्यानं पद्धतशीर सुरुवात केली. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं, पण सूर्य काही शुक्रवार-शनिवारी जादा काम करत नाही. खिडकीच्या फटी त्यानं रबरपट्टीनं बंद केल्या. पुढच्या शुक्रवारी उंचवटा जागच्या जागी. एलईडी नळी बदलली. उंचवटा तिथंच. मग त्यानं कागदावर हिशेब मांडला: खोलीचं आकारमान, भिंती, एसीचा कॉम्प्रेसर तासाला किती वेळा चालू झाला. उत्तर आलं पंच्याहत्तर वॅटच्या आसपास. फक्त सुट्टीच्या दिवशी, दुपारी, पंच्याहत्तर वॅट आणि थोडी वाफ. मग त्यानं खाली, फरशीकडं पाहिलं.

आमच्या इमारतीत सगळ्या मजल्यांचे आराखडे सारखे नाहीत. स्पृहाच्या खोलीच्या बरोबर खाली शरीफुन्निसा भाभींचं स्वयंपाकघर येतं. भाभी दापोलीकडच्या. शुक्रवारची नमाज झाली की त्यांच्याकडं बिर्याणी असते, आणि तिचं पातेलं दुपारभर मंद आचेवर असतं. उरलेली शनिवारी पुन्हा गरम होते. बिर्याणी, सुट्टी, दुपार, वाफ. सगळं जुळत होतं. मी एका चुकीच्या सिद्धान्ताला इतके चांगले पुरावे कधी पाहिले नव्हते.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण राजन चप्पल घालून जिना उतरला होता.

खाली काय झालं ते भाभींनी मला नंतर सांगितलं. राजननं आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, मग कागद उघडून आकृती दाखवली, आणि मग विनंती केली की शास्त्रासाठी दोन शुक्रवार बिर्याणी करू नये. भाभींचे मियाँ, अलीमियाँ, तेव्हा पेपर वाचत होते. ते मीना सलमानला बोटींच्या सुट्या भागांचा धंदा करतात. त्यांची बोटी आणि इंजिनं यांच्यावर जेवढी श्रद्धा आहे तेवढीच शुक्रवारच्या बिर्याणीवर आहे. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, कोणाच्या शास्त्रासाठी? टोमॅटोंच्या, राजन म्हणाला.

"काय गो मेधा," भाभी दुसऱ्या दिवशी वर येऊन म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं डोकं जाग्यावर आहे ना?"

मी म्हटलं, आहे, फक्त जास्त चालतंय. भाभींना हसू आलं. शेजाऱ्यानं कधी नव्हे ते काही मागितलं, तर नाही कशाला म्हणा, आणि त्यांनाही दोन शुक्रवार आराम, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. जाताना रोपांकडं मात्र त्यांनी नीट पाहिलं. रोपं वीतभर झाली होती, कुंड्यांच्या खालच्या भोकांतून मुळं डोकावत होती. भाभी म्हणाल्या, ही आता बाहेर काढ, एक-एक तास गॅलरीत ठेवून उन्हाची सवय कर. "शाळेत जायच्या वयाचं पोर कडेवर घेऊन फिरतेस तू."

मी म्हटलं, अजून थोडे दिवस.

कारण रोपं बाहेर गेली की खोलीचा एसी बंद होणार होता. सत्तावीस अंशांना मग काही कारण उरणार नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी अलीमियाँना दहीभात मिळाला. मी दोन वाजून दहा मिनिटांनी स्पृहाच्या पलंगावर आडवी झाले आणि डोळे मिटले, पण माझ्या खाली तीन मीटरवर एक सज्जन माणूस दहीभात खातो आहे हे मनातून जाईना. मला झोप लागायला सोळा मिनिटं लागली. एरवी चार लागतात. दुसऱ्या शुक्रवारी त्यांना दहीभात आणि पापड मिळाला. संध्याकाळी आलेखात उंचवटा होता. चार दशांश अंश, पाच टक्के आर्द्रता. अलीमियाँ लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांनी सलाम केला, पण एरवीसारखं हसले नाहीत. "मफी बिर्याणी, बिर्याणी नाही," ते म्हणाले, लिफ्टच्या छताकडं बघत. "मग तुमचं शास्त्र काय बोलतं?"

शास्त्र बोललं की बिर्याणी निर्दोष आहे. राजननं खाली जाऊन माफी मागितली आणि वर येऊन जाहीर केलं की आता भिंतीच्या आतच काहीतरी असणार. पुढच्या शुक्रवारी पाच वाजता त्याचा तंत्रज्ञ महादेव उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन येईल, आणि भिंतीत दोष दिसला तर शनिवारी ड्रिल मशीन. भिंत भाड्याच्या घराची होती. मी तेव्हाही म्हणू शकले असते. मी म्हटलं, पाच वाजता ना? नक्की पाच?

महादेव सांगलीचा, पस्तिशीचा, शब्द मोजून खर्च करणारा माणूस. शुक्रवारी दुपारी रस्ते रिकामे असतात हे त्यानं हिशेबात धरलं नव्हतं. तो सव्वाचारला पोचला. दाराची बेल वाजली तेव्हा मी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात उशीखाली घालून गाढ झोपले होते. मी दचकून उठले, चादर ओढून सारखी केली, खोलीचं दार लावलं आणि बाहेरचं दार उघडलं. महादेव होता, आणि त्याच्यामागं अलीमियाँ. आपली बिर्याणी नक्की कुणी खाल्ली हे त्यांना स्वतः पाहायचं होतं.

फटाक्यांनी न उठणारा राजन कॅमेऱ्याच्या ओढीनं बेलच्या तिसऱ्या आवाजाला उठून आला, आणि बनियनवर शर्ट चढवत थेट खोलीकडं गेला. आत जाण्याआधी त्यानं दारावरच्या कागदाकडं बोट करून दोघांना नियम समजावले. चौघं आत आलो. महादेवनं कॅमेरा पश्चिमेच्या भिंतीवर धरला. पडद्यावर भिंत निळी होती. खिडकी निळी. फरशी निळी. छत निळं. टेबलावरची अकरा रोपं निळी-हिरवी, नळी पिवळी. मी दाराजवळ उभी होते आणि पलंगाकडं बघायचं टाळत होते. गादी शरीराची ऊब काही मिनिटं धरून ठेवते हे मला माहीत होतं. किती मिनिटं, हे माहीत नव्हतं. मनातल्या मनात मी फोम, कापूस आणि खोलीचं तापमान घेऊन गणित करत होते, तेवढ्यात महादेवचा हात पलंगाकडं वळला.

पडद्यावर एक केशरी बाई झोपलेली होती.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. उशीवर डोक्याचा गोल डाग. उशीच्या कडेपाशी हाताचा. महादेवनं कॅमेरा खाली घेतला, रिकाम्या पलंगाकडं पाहिलं, परत कॅमेरा वर धरला. बाई तिथंच होती, थोडी फिकी झालेली.

"साहेब," तो म्हणाला, "उष्णतेचा लोड सापडला." मग जरा थांबून, "पण तो उठून गेलाय."

राजननं पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. हा मला त्याच्या स्वभावाचा सगळ्यात लोभस भाग वाटतो. त्यानं अलीमियाँचा दंड धरला. "पंच्याहत्तर वॅट," तो त्यांना म्हणाला. "झोपलेला माणूस तेवढीच उष्णता देतो. आम्ही गोदामातसुद्धा माणसं अशीच मोजतो. माझा आकडा बरोबर होता."

"आकडा राहू दे," अलीमियाँ म्हणाले. "माणूस कुठला?"

तिघांनी आधी उशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उशीच्या अभ्र्यावर स्पृहाच्या लहानपणी मी भरलेली दोऱ्याची वेलबुट्टी आहे. माझ्या डाव्या गालावर तिची दोन पानं उमटली होती, हे मला नंतर आरशात दिसलं.

"मग आमच्या बिर्याणीचा यात काही हात नव्हता," अलीमियाँ सावकाश म्हणाले.

"नव्हता," मी म्हटलं.

"आणि तुला ते ठाऊक होतं."

"हो."

"दोन शुक्रवार, मेधा." ते स्पृहाच्या अभ्यासाच्या खुर्चीत बसले. मी माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती घेतली, पण त्यांना थोडा वेळ लागला.

महादेव कॅमेरा पिशवीत ठेवत होता आणि आपण इथं नाही असं दाखवत होता. राजन पलंगाच्या काठावर बसला, बरोबर त्या केशरी बाईच्या गुडघ्यांवर. त्यानं हळू आवाजात विचारलं की मी इथं का झोपते. त्याचं घोरणं वाढलं आहे का. त्याच्या कपड्यांना कोळंबीचा वास येतो का, त्यानं साबण बदलला आहे. माझं काही बिनसलं आहे का. त्याचा चेहरा आता उजळलेला नव्हता, आणि ज्या भीतीनं मी दोन वर्षं गप्प होते ती समोर बसलेली मला दिसली.

मी म्हटलं, तुझं काही नाही. अठराचं आहे.

"अठराचं काय?"

मला थंडी वाजते, मी सांगितलं. एकोणीस वर्षं वाजते आहे. मला वाटलं तुला मोजे दिसत असतील.

तेवढ्यात शरीफुन्निसा भाभी वर आल्या. अलीमियाँ एवढा वेळ काय करतात हे बघायला आल्या होत्या, आणि शुक्रवार असल्यानं झाकलेलं ताट घेऊन आल्या होत्या. दारातच त्यांना महादेवकडून तीन वाक्यांत सगळं कळलं. त्याच्याकडून एका दमात तीन वाक्यं मी प्रथमच ऐकली. भाभींनी ताट टेबलावर रोपांशेजारी ठेवलं. त्यांना त्यात धक्का बसण्यासारखं काही दिसेना. त्या आणि अलीमियाँ अकरा वर्षं दोन खोल्यांत झोपतात, त्यांनी सांगितलं, कारण अलीमियाँना झोपेत बोटींची इंजिनं दुरुस्त करायची सवय आहे, आवाजासकट. "सकाळची चहा एकत्र घेतो. भांडायचं ते तेव्हा भांडतो. त्यात काय गो?"

अलीमियाँ ताटावरचं झाकण उचलून आत बघत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नाकारलंही नाही.

"पण अठरा," राजन म्हणाला. तो अजून तिथंच होता. "मेधा, अठरा मी तुझ्यासाठी ठेवतो. मला सोळा लागतात."

मी विचारलं, किती?

"सोळा. पहिल्या वर्षी तू ती थर्मलं आणलीस, तेव्हा मला वाटलं हिला थंडी वाजते, म्हणून दोन अंश वाढवले, तुझ्या लक्षातही आलं नसेल. मी बनियनवर झोपतो, पांघरूण लाथाडतो, तुला वाटतं हौसेनं?"

एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला, कारण आता आत चारशे वॅटच्या आसपास माणसं होती. म्हणजे आम्ही दोघं एकोणीस वर्षं अशा तापमानात झोपत आलो होतो, जे दोघांपैकी कोणालाही नको होतं. मी हे मनात दोनदा तपासलं. हिशेबात चूक नव्हती.

महादेवनं जायला परवानगी मागितली. भाभींनी त्याला अडवलं आणि ताटातलं वाढायला मला बश्या मागितल्या. अलीमियाँ म्हणाले की आधी त्यांना, दोन शुक्रवारचं थकलेलं आहे. राजन हसला, पण तो रोपांकडं बघत होता. त्यानं एका कुंडीखाली बोट फिरवून बाहेर आलेली मुळं पाहिली. मग भाभींना विचारलं की ही बाहेर कधी न्यायची. बाहेरचं ऊन आता उतरलं आहे, भाभी म्हणाल्या, रविवारपर्यंत न्या, नाहीतर ही कुंड्या फोडतील.

राजन वळला. त्याला उष्णतेचा विषय अर्धवट सोडता येत नाही, आणि त्यानं विचारलं ते खरोखर निरागसपणे विचारलं. "मग रविवारी रोपं गेली की या खोलीचा एसी बंद करायचा ना?"

महादेव बशी हातात धरून थांबला. भाभींनी डाव खाली ठेवला.

"नाही," मी म्हटलं. "रोपं रविवारी गॅलरीत जातील. मी आजपासून रोज इथंच झोपणार आहे. तू तिकडं सोळावर ठेव."